आक्काताईंचा डावा पाय

पाठीच्या पेशंटवर चिडू नये, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. दुखण्यानं माणूस आधीच वैतागलेला असतो, त्यात आपण भर घालू नये, वगैरे. कोल्हापुरात फिजिओथेरपी करताना इतकी वर्षं मी हा नियम बऱ्यापैकी पाळत आले. एकच बाई अशी भेटली, की तिच्यापुढे माझा नियम दर भेटीत मोडायचा. कोडोलीच्या आक्काताई.

पंचावन्नच्या आसपासचं वय. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर ठसठशीत कुंकू. आवाज असा, की तळमजल्यावरच्या माझ्या खोलीत बोलल्या तर बाहेर केसपेपरच्या रांगेतली माणसं मान वळवून बघायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा संजय शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, सून घरी, आणि गोठ्यात तीन म्हशी. दोन्ही वेळच्या धारा आक्काताई स्वतः काढायच्या, उकिडवं बसून, गुडघ्यांत बादली धरून. असं त्यांनी तीस वर्षं केलेलं. पाठीचं काय झालं असेल हे सांगायला मला एमआरआयची गरज नव्हती.

पहिल्यांदा संजय त्यांना घेऊन आला तो 'कंबरेला शेक द्या' म्हणून. आक्काताईंची तक्रार मात्र चपलेबद्दल होती. त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढून थेट माझ्या टेबलावर ठेवली.

"ही बगा म्याडम. चालताना पायातनं सुटत्या. मागं ऱ्हात्या आन् मला कळत बी न्हाय. तीनदा अंगठा घट्ट करून घेतला. तिसऱ्या येळी चपलंवाल्याशी भांडून आलो."

"उजवी सुटत नाही?"

"न्हाय. ती बेस हाय. डावीच वंगाळ शिवलीया."

मी त्यांना टाचांवर चालायला सांगितलं. उजव्या पायाची बोटं वर उचलली गेली, डाव्याची जेमतेम हलली. नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि अंगठ्याजवळ कापसाचा बोळा फिरवला, तर डोळे मिटून बसलेल्या आक्काताई म्हणाल्या, "लावा की कापूस, वाट बगायलोय." चप्पल चांगली होती, पाय निकामी होत चालला होता.

त्यात आणखी एक गोष्ट संजयनं सांगितली. कंबरेतून पायात उतरणारी कळ दोन वर्षं होती, ती महिन्यापूर्वी एकदम कमी झाली. आक्काताईंनी त्या आनंदात जोतिबाला जाऊन नारळ फोडला. मणक्यांमधली चकती सरकून नसेवर दाबून बसली की आधी कळ येते. दाब फार झाला की नस कळ पाठवणंही सोडून देते. म्हणजे ज्या दिवशी घाबरून दवाखाना गाठायचा, त्या दिवशी ही बाई नारळ फोडत होती. मी हे समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "दुखत न्हाय म्हंजे आजार वाडला, हे बरं हाय की तुमचं!"

मग मी नेहमीचे प्रश्न विचारले. लघवी अडकते का, नकळत होते का, बसायच्या जागेला बधिरपणा वाटतो का. पाठीच्या पेशंटला विचारायचे हे सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न. कंबरेखालच्या नसांचा सगळा झुबकाच दाबला जात असेल तर तिथं आधी कळतं, आणि मग दिवस घालवायचे नसतात, त्याच दिवशी भरती करायचं असतं. संजय फाइल धरून शेजारी उभा होता. आक्काताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"काय न्हाय. समदं बेस हाय."

मी कागदावर 'नाही' लिहिलं आणि त्यांना वर सर्जनकडे पाठवलं.

सर्जननी त्याच दिवशी एमआरआय करून घेतला. नस चांगलीच दबली होती. आज भरती व्हा, उद्या ऑपरेशन करू, असं ते म्हणाले. आक्काताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आज न्हाय जमायचं. चंद्री व्यायला झाल्या."

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणार होती, आणि आक्काताईंशिवाय दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू द्यायची नाही. सुनेनं आंबोण ठेवलं तरी ती आक्काताई येऊन उभ्या राहीपर्यंत तोंड लावायची नाही. अशी म्हैस विताना घरचं माणूस जवळ नसेल तर रेडकू तुडवते, कुणाला जवळ येऊ देत नाही, धार तर लांबची गोष्ट. हे सगळं त्यांनी सर्जनना सविस्तर सांगितलं. सर्जननी त्यांना मणक्याचा प्लास्टिकचा नमुना दाखवला. लाल चकती, पिवळी नस. 'दाब काढणं माझ्या हातात आहे, पण नस किती परत येईल ते माझ्या हातात नाही, जितका उशीर तितकं कमी,' असं स्वच्छ मराठीत सांगितलं. संजय हातापाया पडला.

"चारच दिस," आक्काताई म्हणाल्या. "धा वर्स ती कंबर दुकली, चार दिसानं काय हुतंय?"

आणि स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याच्या कागदावर सही करून त्या एसटीनं कोडोलीला गेल्या.

मी दोनदा फोन केला. एकदा संजयनं उचलला आणि म्हणाला, "आई ऐकत न्हाय ओ म्याडम, गोठ्यात खाट टाकून बसल्या." दुसऱ्यांदा त्यांनीच उचलला. पाय कसा आहे विचारलं, तर म्हणाल्या, "कास भरलीया. आज न्हायतर उद्या." मला पायाबद्दल विचारायचं होतं, त्यांना कासेबद्दल सांगायचं होतं. मी फोन आपटला. तो मोबाइल होता, त्यामुळे माझाच तोटा झाला.

पाचव्या दिवशी दुपारी जीपमध्ये आडवं घालून त्यांना आणलं. स्ट्रेचरवरून मला बघताच पहिलं वाक्य, "चंद्रीला रेडी झाली म्याडम! दोगी बी बेस हाईत." डावं पाऊल घोट्यातून लोंबत होतं. आदल्या दिवसापासून लघवी पूर्ण बंद, पोट तट्ट फुगलेलं. दुसरी कुणी बाई वेदनेनं किंचाळली असती. या मात्र स्ट्रेचरवर पडून, माझ्यासाठी चीक आणलाय, तो सुनेकडून घ्या, असं सांगत होत्या. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना अंथरुणातून उठायचं शिकवायला वॉर्डात गेले. पाठीच्या ऑपरेशननंतर सरळ उठून बसायचं नसतं. खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर व्हायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हातांनी रेटा देत उठायचं. मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. संजय कामावर गेला होता, सून चहा आणायला गेली होती, खोलीत आम्ही दोघीच होतो. लघवीची नळी बघत आक्काताई म्हणाल्या, "ही नळी कवा काडणार? पयल्या दिशी तुमच्याकडं आलतो की, तवापास्नंच आडकत हुतं. बसायच्या जागंला बी काय कळंना झालतं."

मी त्यांच्या खांद्याला धरलेला हात काढून घेतला.

"मी तुम्हाला विचारलं होतं मावशी. हेच विचारलं होतं. का नाही सांगितलंत?"

"संजू हुता की शेजारी. पोराफुडं असलं सांगू व्हय?"

मी बाहेर आले आणि जिन्यात उभी राहिले. मला रडू येईल इतका राग आला होता. त्या दिवशी एवढं एक वाक्य कळलं असतं, तर सर्जननी त्यांना सहीबिही करून जाऊच दिलं नसतं. दारात आडवे झाले असते. पहिल्यांदा राग आला तो सगळा आक्काताईंचा. लाजेपायी पाय घालवतात या बायका, असं मी स्टाफरूममध्ये तावातावानं बोललेसुद्धा. आठवड्याभरानं एका दुसऱ्या बाईला तिच्या दिरासमोर तोच प्रश्न विचारताना माझी जीभ अडखळली. तिनंही कॅलेंडरकडे बघितलं. मी दिराला बाहेर बसायला सांगितलं, आणि तेव्हापासून नातेवाइकांना बाहेर काढल्याशिवाय मी हा प्रश्न विचारत नाही. आक्काताईंशी मात्र मी यावर कधी बोलले नाही.

लघवी तीन आठवड्यांत सुधारली, नळी निघाली, बधिरपणाही ओसरत गेला. सर्जननी आकाशाकडे बघून हात जोडले. राहिला पाय.

घरी पाठवताना मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. वाकायचं नाही. काही उचलायचं नाही. उकिडवं बसायचं नाही. अर्ध्या तासाहून जास्त एका जागी बसायचं नाही. रोज चालायचं, थोडं थोडं वाढवत. आता यातलं काय झालं ते सांगते. चालायचं सोडून बाकी सगळं करून झालं. बघायला येणारा प्रत्येक पाहुणा सांगायचा, पाठीचं ऑपरेशन म्हणजे तीन महिने पाठ अंथरुणाला लावून पडायचं. एकाच्या मेव्हण्याचा टाका चालण्यानं उसवला होता म्हणे. मी सांगत होते की पडून राहिलात तर स्नायू जातील, चाला. त्यांचं म्हणणं, "एवडी माणसं सांगत्यात ती काय खुळी हाईत?"

आणि घरी गेल्यावर बाराव्या दिवशी पन्हाळ्याहून आत्तेसासू बघायला आल्या. आक्काताई अंथरुणावरून उठल्या, कंबरेतून पूर्ण वाकल्या आणि त्यांच्या पाया पडल्या. हे मला त्यांनी स्वतःच सांगितलं, तेही कौतुकानं, वाकता आलं म्हणून.

"मावशी! वाकायचं नाही म्हणजे नाही! आतली जखम ओली आहे अजून. आतली उरलेली चकती परत बाहेर आली तर?"

"सासूच्या मानाचं माणूस, आन् मी खांबागत हुबी ऱ्हाऊ?"

"हात जोडायचे."

"हात जोडायला मी काय विलेक्शनला हुबी हाय?"

माझ्या खोलीतल्या दुसऱ्या पलंगावरचा पेशंट हसायला लागला. मी त्याच्यावरही ओरडले.

चंद्रीचा प्रश्न होताच. सुनेच्या हाताला ती पान्हा सोडेना. रेडीला पाजून, ओढून, सगळं करून झालं. मग आक्काताईंनी आपलं जुनं लुगडं सुनेला नेसायला लावलं आणि स्वतः चंद्रीच्या तोंडापुढे उभ्या राहून बोलत राहिल्या. अर्धी बादली निघाली. मला हे ऐकून इतका आनंद झाला, की मी सगळ्या डिपार्टमेंटला सांगत सुटले. बाई उभी आहे, वाकत नाही, आणि काम होतंय! दहा दिवसांनी संजयनं आवाज खाली करून सांगितलं, "म्याडम, आई सोता धार काडाल्या."

मी जाब विचारला, तर आक्काताई निवांत म्हणाल्या, "उकिडवं बसू नगा म्हणलासा. बसलो न्हाय. गुडघं टेकून काडतो." हे तुमच्या कागदात कुठं लिहिलंय, असा त्यांचा सवाल होता. खरंच लिहिलं नव्हतं. मी दुसरा कागद काढून 'गुडघे टेकून धार काढायची नाही' असं लिहिलं, तेव्हा त्या संजयला म्हणाल्या, "बग, आता नवीन काडलं."

पुढच्या आठवड्यात पाठ धरली. परत एमआरआय, परत खर्च. नशीब, चकती जागेवर होती, नुसता स्नायू धरला होता. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं? पानी प्या जरा."

पायाला मात्र त्या मनापासून वेळ द्यायच्या. माझ्याकडे पट्ट्या लावून स्नायूला करंट द्यायचं मशीन आहे. पहिल्यांदा लावलं आणि पाऊल झटक्यात वर आलं, तेव्हा आक्काताई ओरडल्या, "आला! आला बगा! संजू, पाय आला!" बाहेरचा संजय धावत आत आला. मला सांगावं लागलं, की मावशी, हा पाय नाही, करंट आहे. मशीन बंद केलं. पाऊल पडलं. त्या पावलाकडे बघत त्याला हाकलल्यासारखं बोलायला लागल्या. "हल की. हैक्! हल म्हणतो नव्हं?" पुढं दर वेळी तसंच. गोठ्यात अडून बसलेल्या जनावराला उठवावं तसं त्या पायाला उठवायच्या. अंगठा एक दिवस जरासा हलला. त्यापुढं महिने गेले तरी तेवढाच.

पाऊल घसटू नये म्हणून मी त्यांना पट्टी करून दिली. प्लास्टिकची असते, पोटरीमागून तळव्याखाली येते, बुटात घालायची. बूट म्हटल्यावर त्या उखडल्या. "लुगड्याखाली बूट घालून गावात हिंडू?" दोन महिने पट्टी कपाटात. मग एक दिवस दाणदाण आवाज करत आल्या. पायात संजयचे फाउंड्रीतले सेफ्टी बूट, पुढं लोखंडी टोपण असलेले. एकेक बूट उचलायला मलाच जड गेला असता. ज्या पायाला स्वतःचं पाऊल उचलवत नव्हतं, त्याला त्यांनी लोखंड बांधलं होतं.

"मजबूत पायजे म्हणलासा की!"

मी खुर्चीत बसले. हसावं की डोकं आपटावं कळेना. सुनेनं शेवटी कॅनव्हासचे हलके काळे बूट आणले. ते आक्काताई एसटीत बसल्यावर घालायच्या आणि परतताना गावाच्या अलीकडे काढून पिशवीत टाकायच्या. हेही संजयनंच सांगितलं. बिचारा दर खेपेला आईची एक चहाडी घेऊन यायचा आणि दाराबाहेर बसायचा.

दीड वर्षानं सर्जननी तपासून सांगितलं, की नस जेवढी यायची तेवढी आली. आता व्यायाम चालू ठेवा, पट्टी वापरा, पण पाय याहून वर येईल अशी आशा धरू नका. त्या दिवशी आक्काताई एकट्या आल्या होत्या. वरून खाली माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं. मी मशीनच्या पट्ट्या काढायला लागले, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. बसा."

मी बसले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा इतका खाली होता, की मला पुढं झुकावं लागलं.

"खरं सांगा. त्या पयल्या दिशी ऱ्हायलो असतो, तर पाय आला असता?"

दीड वर्ष मी हे उत्तर ओठांवर घेऊन फिरत होते. त्यांच्यावर चिडून घरी जाताना स्कूटरवर मनातल्या मनात शंभर वेळा बोलले होते. आता त्या स्वतःच विचारत होत्या.

"नक्की कुणीच सांगू शकत नाही," मी म्हटलं. त्या बघत राहिल्या. "पण बहुतेक आला असता. बराचसा."

त्यांनी मान हलवली. म्हशीबद्दल काही बोलतील असं वाटलं, पण बोलल्या नाहीत. मग मला गप्प बसवेना.

"मावशी, माझंही चुकलं. मी तुम्हाला लघवीचं विचारलं ते संजयसमोर. त्याला आधी बाहेर पाठवायला हवं होतं. तेव्हा मला सुचलं नाही."

मला वाटलं, त्या म्हणतील, जाऊ द्या. आपल्याकडे असंच म्हणतात. तुमचं काय चुकलं, माझं नशीब, असं काहीतरी. ते ऐकायलाच मी बोलले होते, हे मला तेव्हाच्या तेव्हा कळलं.

आक्काताईंनी नीट विचार केला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पाठवाय पायजे हुता. सांगितलं असतं मी."

त्यात राग नव्हता. एखाद्या कामात कुठं चुकलं हे दोन जाणत्या माणसांनी ठरवावं, तेवढंच होतं. मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन, पाठ सरळ ठेवून त्या उठल्या. दीड वर्षात पहिल्यांदा मला त्यांच्या उठण्यात काढायला एकही चूक सापडली नाही.

मी खिडकीशी गेले. समोरच्या थांब्यावर कोडोलीची एसटी लागत होती. आक्काताई डावा गुडघा उंच उचलत रस्ता ओलांडून गेल्या. पायरी उंच होती आणि दाराशी गर्दी. त्यांनी दांडी धरली, उजवा पाय पायरीवर ठेवला आणि डाव्यासाठी खाली हात नेला. मागचा माणूस घाई करत होता. त्यांनी त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. गुडघ्यापाशी लुगडं मुठीत धरून त्यांनी तो पाय उचलला, पायरीवर नेऊन ठेवला आणि आत गेल्या.